लवाद की कोर्ट, आणि आमच्या आई

घटस्फोट घ्यायचा हे आमचं दोघांचं ठरलं होतं. वीस वर्षांच्या संसारात इतक्या चटकन एकमत दुसऱ्या कशावर झालेलं मला आठवत नाही. तो घ्यायचा कसा, यावर मात्र घोडं अडलं.

नवरा दोन वर्षांपूर्वी बोरिवलीला वेगळा राहायला गेला. मुलुंडच्या घरात मी आणि आई. आई म्हणजे त्याची आई, माझ्या सासूबाई. त्या त्याच्याबरोबर का गेल्या नाहीत हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही. त्याचं म्हणणं, मी त्याला घराबाहेर काढलं. माझं म्हणणं, तो आपण होऊन गेला. तो गेला त्या सकाळी घरात तिसरं माणूस एकच होतं, आई. कोर्टात भांडलो असतो तर आईंना साक्षीला उभं राहावं लागलं असतं, एक तर पोटच्या मुलाविरुद्ध, नाहीतर माझ्याविरुद्ध. माझ्याविरुद्ध बोलून झाल्यावर त्या माझ्याजवळ कशा राहतील? मला त्या हव्या होत्या. नवरा नको पण सासू हवी, असं कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं.

म्हणून लवादाची टूम निघाली. कोर्टाबाहेर, दोघांना मान्य अशा माणसाने निवाडा द्यायचा. अंधेरीच्या वकीलबाईंनी फटकन सांगितलं, "घटस्फोट लवाद नाही देऊ शकत हां. तो कोर्टच देणार. लवाद फार तर घराबिराचं ठरवेल. तुमचं आपसात जमलं तर कोर्टात सहमतीने अर्ज करा, मग साक्षीबिक्षी काही नको." मी मान हलवली. जिना उतरेपर्यंत कोण काय देतं याचा डोक्यात पार भुगा झाला होता. खाली येऊन नवऱ्याला फोन लावला.

"म्हणजे आधी लवाद, मग कोर्ट? की दोन्ही एकदम?"

"वकिलाकडे तू गेली होतीस ना? मग मला काय विचारतेस?" तो म्हणाला.

दोघांना मान्य असा एकच माणूस सापडला, आमच्या गावच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष. आमचं लग्न त्यांनीच जमवलेलं. ज्याने जोडलं त्यालाच तोडायला बसवतोय, हे आमच्यापैकी एकाच्याही टाळक्यात आलं नाही.

रविवारी सकाळी घाटकोपरला मंडळाच्या खोलीत जमलो. आई दुखऱ्या गुडघ्यांनी दोन जिने चढून आल्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या. अध्यक्षांनी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला घेतलं. आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. वडीलधाऱ्याने देवाकडे मागणं मांडायचं आणि बाकीच्यांनी दर वेळी 'होय महाराजा' म्हणायचं. लहानपणापासूनची सवय, तोंड आपोआप चालतं.

"बा देवा महाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत…"

"होय महाराजा!"

"तेंच्या मनात काय वाकडा-नाकडा इला असात, ता दूर कर…"

"होय महाराजा!"

"आणि तेंचो संसार पयल्यासारखो मार्गाक लाव रे महाराजा!"

"होय महाराजा!" मी आणि नवरा, एका सुरात, खणखणीत.

अध्यक्षांनी डोळे उघडले. "झाला तर मग. देवासमोर दोघांनी होय म्हटल्यानी. आता निवाडो कसलो?"

मी नवऱ्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. मला हसू येत होतं आणि स्वतःचा भयंकर रागही. म्हणजे आता आम्ही परत एकत्र की काय? हे धरायचं की सोडून द्यायचं?

"मी होय म्हणूक नाय," कोपऱ्यातून आई म्हणाल्या.

"आई, तू राहू दे," नवरा घाईने म्हणाला.

"राहू द्या ना, आई," मीही तेवढ्याच घाईने.

"माका कोणी इचारल्यान? दोन वर्षां मी काय बोलतलंय म्हणान दोघांय भितास. कोर्टात जावा. इचारल्यानी तर त्या सकाळचा सगळा सांगतलंय."

नवऱ्याने मान खाली घातली. मीही. आईंना वाचवतो म्हणत आम्ही दोघं आपापली कातडी वाचवत होतो. तो आपण होऊन गेला हे खरं. पण बॅग मीच भरून दाराशी ठेवली होती. याला काढणं म्हणायचं की जाणं, मला आजही कळत नाही. आईंनी दोन्ही पाहिलं होतं.

खाली आल्यावर नवऱ्याने विचारलं, "आई, चलतेस बोरिवलीला?" त्या माझ्या रिक्षात चढल्या.

"गो," भांडुप आल्यावर हळूच म्हणाल्या, "साक्ष देताना तेच्या तोंडाकडे बघूचा लागता काय?"

"माहीत नाही, आई." माझ्याकडे बघा म्हणावं, तर तोही धीर होईना.