आत्याची अर्धी पुस्तकं

माझी आत्या कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे लॅबमध्ये यायचे आणि ती एकेक दात चिमट्यात धरून गुलाबी मेणात बसवायची. घरी आली की तिच्या नखांत प्लास्टर असायचं. हात धुवायच्या आधीच तिचा पुढचा बेत ठरलेला असायचा. कधी मेंडोलिन, कधी गच्चीवरची निवडुंगं, कधी कोपऱ्यावरच्या क्लबात टेबल टेनिस. आणि या सगळ्याच्या फटीफटीत पुस्तकं.

पुस्तकं तिला जिवापाड आवडायची, पण संपायची नाहीत. उशीशी एक, बाल्कनीत एक, लॅबच्या डब्याच्या पिशवीत एक, आणि आईने कितीही सांगितलं तरी न्हाणीघराच्या खिडकीतही एक. खूण म्हणून तिला काहीही चालायचं: मेणाची पट्टी, मेंडोलिनची तुटलेली तार, क्लबाची पावती. एकदा तर निवडुंगाचा काटा होता, तो माझ्या बोटात गेला.

बाबा तिचे मोठे भाऊ. छापखान्यात मुद्रितं तपासायचे, त्यामुळे शेवटच्या पूर्णविरामापर्यंत गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. रटाळ पुस्तकसुद्धा ते चेहरा पाडून संपवायचे. आत्याला त्यांनी 'धरसोड' हे नाव ठेवलं होतं आणि रागात नसतानाही त्याच नावाने हाक मारायचे.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," बाबा म्हणायचे.

"असू देत चिंध्या. माझ्या आहेत," आत्या म्हणायची आणि मेंडोलिन जुळवायला बसायची.

बाबा जायचे त्या वाचनालयात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी वाचनमंडळ भरायचं. नियम एकच: ठरलेलं पुस्तक संपवूनच यायचं. आत्याला तिथे जायची फार इच्छा होती. पुस्तकाबद्दल बोलायला मिळावं, एवढंच तिला हवं होतं, कारण घरात तिच्याशी पुस्तकाबद्दल कोणी बोलायचं नाही. बाबांनी अध्यक्षबाईंकडे शब्द टाकला. बाई शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या म्हणाल्या, "तुमच्या भरवशावर घेते हं."

पुस्तक होतं एक जाडजूड कादंबरी, दीपगृहात राहणाऱ्या एका कुटुंबाची. बाबांनी घरी आणून ती आत्यासमोर ठेवली.

"हे संपेपर्यंत बाकीचं सगळं बंद. बघ, जमतंय का."

आत्याला आव्हान दिलं की ती उडी मारणारच. तिने स्वतःच मेंडोलिन आणि टेबल टेनिसची बॅट आणून बाबांच्या कपाटात ठेवली. "लाव कुलूप. एकदाच करून दाखवते."

पहिला आठवडा बरा गेला. दीपगृहातल्या थोरल्या मुलीवर तिचा जीव जडला. जेवताना ती तिच्याबद्दल अशी बोलायची, जणू ती पलीकडच्या इमारतीत राहते. मग हळूहळू वाचनाचं औषध झालं. लॅबमधून यायचं, हातपाय धुवायचे आणि पानं गिळायची. थोरल्या मुलीचं नाव निघेना. आत्या चिडचिडी झाली, माझ्यावर विनाकारण खेकसली, आणि आई एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "हिचं पुस्तक संपेपर्यंत आपण संपू."

अशातच एके संध्याकाळी क्लबातले पोस्टमनकाका दारात उभे राहिले. दुहेरीत ते आत्याचे जोडीदार. पुढच्या रविवारी सकाळी क्लबाचे सामने होते आणि आत्या गायब.

"ताई, आजारी आहात का?"

"नाही हो. पुस्तक वाचतेय."

"मग... रविवारी मी कुणाबरोबर खेळू?"

मंडळही त्याच रविवारी होतं, दुपारी. आत्याने बाबांकडे पाहिलं. "दादा, बॅट दे."

"आधी पुस्तक."

"सकाळी खेळते, दुपारी येते ना मंडळात."

"किती राहिलंय?"

"आहे थोडं."

"मग आधी पुस्तक," बाबा म्हणाले. किल्ली त्यांच्या खिशातच होती.

रविवारी आत्या उसन्या बॅटीने खेळली. मी बघायला गेले होते. पहिला सामना दोघांनी जिंकला, दुसऱ्यात सपाटून हरले. पण महिनाभरात ती तशी हसलेली मी पाहिली नव्हती. घामेजल्या अंगाने, त्याच बुटांत, कादंबरी काखेत मारून ती थेट वाचनालयात गेली. मी मागोमाग.

सगळे गोल करून बसले होते. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "संपवलंत?"

"नाही. शेवटचा भाग राहिलाय."

बाबांनी मान खाली घातली.

"मग आज नुसतं ऐका," बाई म्हणाल्या. त्यांचा सूर वाईट नव्हता.

"नुसतं नाही ऐकणार. त्या थोरल्या मुलीबद्दल मला बोलायचंय. जेवढं वाचलंय तेवढ्यावरच बोलेन."

"नियम सगळ्यांना सारखा असतो. उद्या कोणीही पहिली चार पानं वाचून येईल."

"येऊ दे की. चार पानांवर बोलेल."

"तो लेखकाचा अपमान आहे."

आत्या उभीच होती. "बाई, मी दिवसभर कवळ्या करते. तिथे एक दात कमी ठेवून चालत नाही, माणूस उपाशी राहील. तिथे मी कधी काही अर्धं सोडलं नाही. पण इथे माझं पुस्तक अर्धं राहिलं, तर कोण उपाशी राहतं?"

कोणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. "तुमचं म्हणणं पोचलं," त्या म्हणाल्या, "पण मंडळ मोडून मी तुम्हाला बसवणार नाही."

"बरोबर आहे तुमचं. मंडळ तुमचं आहे," आत्या म्हणाली आणि कादंबरी पुन्हा काखेत मारून निघाली. मला वाटलं, बाबा उठतील. ते उठले नाहीत.

घरी आल्यावर तिने लॅबच्या पिशवीतला पेचकस काढला, बाबांच्या कपाटाच्या बिजागऱ्या खोलल्या, आणि दार कुलपासकट भिंतीला टेकवून ठेवलं. आई स्वयंपाकघरातून आली, बघितलं आणि परत गेली. बाबा आले तेव्हा मेंडोलिन जुळवून झालं होतं.

"शब्द दिला होतास," बाबा म्हणाले.

"दिला होता. परत घेतला."

"चार माणसांत मान खाली घालायला लावलीस. आयुष्यात एक गोष्ट तडीस नेली नाहीस तू. कॉलेज सोडलंस. पोहणं सोडलंस. संसार..."

ते तिथेच थांबले. पण शब्द बाहेर पडला होता. आत्याने लग्नानंतर वर्षभरातच नवरा सोडला होता. का, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. तिच्या कानामागे अजून व्रण होता.

आत्याने मेंडोलिन मांडीवरून खाली ठेवलं.

"हो दादा, संसार सोडला. शेवटपर्यंत वाचायला हवा होता का?"

बाबांनी नजर भिंतीला टेकवलेल्या दाराकडे वळवली.

"तेव्हाही सगळे म्हणाले, धीर धर, पुढे चांगलं होईल. मी नाही थांबले. तू स्वतः मला घ्यायला आला होतास, विसरलास? मला कुठे थांबायचं ते कळतं. मला कोणी धरसोड म्हणायचं नाही आता. तूसुद्धा नाही."

बाबांनी कपाटाचं दार उचललं, पेचकस मागितला आणि बिजागऱ्या बसवायला लागले. आत्याने दार धरून ठेवलं. त्या दिवसानंतर बाबांनी तिला 'धरसोड' म्हटलेलं मी ऐकलं नाही. नावाने हाक मारताना सुरुवातीला ते अडखळायचे.

बाबा काही पार बदलले नाहीत. पुढच्या बैठकीत त्यांनी नियम सैल करायचा ठराव मांडला, तो पडला, आणि ते मंडळात जात राहिले. आत्या पुन्हा गेली नाही. तिकडून जाताना वाचनालयाच्या खिडकीकडे बघायची, तेव्हा तिला वाईट वाटायचं हे मला दिसायचं. विचारलं तर म्हणायची, "वाटतं ना. म्हणून काय, नाक घासत जाऊ?" पुस्तकांबद्दल ती पोस्टमनकाकांशी बोलायला लागली, दोन डावांच्या मध्ये, पाणी पिता पिता. काका काहीच वाचत नसत, पण ऐकायचे मन लावून.

आता ती निवृत्त झाली आहे. गुडघ्यांमुळे टेबल टेनिस सुटलं, त्याच्या जागी मातीची भांडी आली. सगळी एका बाजूला कलतात. परवा ती रद्दीवाल्याकडून आणखी एक जाडजूड पुस्तक घेऊन जिना चढत होती. बाबा दारातच उभे होते.

"आधीची संपली का?"

"नाही," आत्या म्हणाली. "सरक, वाट दे."