विलायती गौराई

जगात महाग अशी वस्तूच नसते, फक्त डोकं न वापरणारी माणसं असतात, असं छातीठोकपणे मानणारा एकच मनुष्य मी आयुष्यात पाहिला, आणि माझं नशीब असं की तो नेमका माझा साडू निघाला. नंदुरबारला ते मिरच्यांची दलाली करत आणि मी स्टेशनाजवळच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होतो. त्यामुळे त्यांच्या अकलेचे प्रयोग मला जवळून, आणि पुष्कळदा पोटातूनही, अनुभवायला मिळाले. चहा म्हणून ते भाजलेल्या ज्वारीचं गुळपाणी पाजत. तोंड वाकडं केलं की विचारत, "रंग तोच शे ना? मंग फरक काय शे?" हे 'फरक काय शे' त्यांच्या जिभेवर सदाचं बसलेलं. एकदा सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायचा म्हणून फेटा बांधून गाजावाजा करत गेले आणि घोड्याची घुंगरं तेवढी घेऊन परतले. ती त्यांनी छकड्याच्या बैलांना बांधली. गल्लीत आवाज आला की लोक घोडा आला समजून अंग चोरत, मग बैल पाहून हसत. साडू वरून म्हणत, "सरकनात ना बाजूले? काम व्हयी गयं."

त्यांच्या वडिलांचा फोटो कधी निघाला नव्हता. श्राद्धाला भिंतीवर काहीतरी हवं, म्हणून सुरतेच्या जुन्या बाजारातून त्यांनी चौकटीसकट एका पगडीवाल्या गृहस्थाची तसबीर आणली. मिशा जरा जुळत होत्या. पुढे कितीतरी वर्षं त्या अनोळखी माणसाला हार पडत होता आणि अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, त्याच्यापुढे पदर घेऊन वाकत होती. मग एक दिवस कापसाचा एक गुजराती आडत्या घरी जेवायला आला, भिंतीकडे बघून ताडकन उठला आणि "आ तो मारा काका छे!" म्हणून त्याने हात जोडले. दुसरा कुणी असता तर जमिनीत गेला असता. साडूंनी त्या आडत्याला आग्रहाने आणखी एक पुरणपोळी वाढायला लावली आणि मला म्हणाले, "दखा, आते मन्हा बापले पुतण्या बी भेटी गया."

पण बाहुलीच्या बाबतीत मात्र त्यांची अक्कल पणाला लागली.

बाजारपेठेत एका मारवाडी शेठचं कापडाचं दुकान होतं. शेठने आपल्या मुलीसाठी मुंबईहून जर्मन बाहुली मागवली. चिनी मातीचं तोंड, सोनेरी केस, आणि आडवी केली की डोळे मिटायची, उभी केली की टकाटका बघायची. गावातली मोठी माणसंसुद्धा काहीतरी काम काढून ती बघून आली. शेठच्या मुलीने त्या दिवसापासून भातुकलीत नवा कायदा केला: जिची बाहुली ती घरची मालकीण, बाकीच्यांनी तिच्या घरी कामाला राहायचं. साडूंची एकुलती लेक यमू तिथे रोज भांडी घासायला जाऊ लागली. एका दुपारी ती घरी आली आणि भाताचं पातेलं उघडत आईला म्हणाली, "आज त बाईनी माले भाकर बी नही दिधी." खेळातलंच बोलणं ते. पण साडू जेवत होते, ते हात धुऊन उठले. पोरीला बाहुली मिळालीच पाहिजे, असं त्यांनी त्या क्षणी ठरवलं. मात्र आपल्या भावात.

मला सोबत घेऊन ते शेठकडे गेले. किंमत ऐकून क्षणभर त्यांनी जर्मनांना शिव्या घातल्या आणि मग घासाघीस सुरू केली. "डोया मिटत नही अशी शे का?" नव्हती. "केस नको. टोपी घाली देसूत. केस काढीसन देतस का?" शेठ हसू दाबत होता. साडूंनी मग हात कमी केले, पाय कमी केले, नुसत्या मुंडक्याचा भाव विचारला. शेवटी शेठ वैतागून म्हणाला, "फिर तो भाऊ, लकडी ले जाओ." मी शरमेने दुकानाबाहेर आलो. मागून साडू आले ते खुलून. "लाकूड! साडूभाऊ, मन्हा ध्यानमाच नही ऊनं. फरक काय शे?"

सुताराकडे एक न खपलेली बाई पडली होती. हातभर उंच, अंगाशी चिकटलेले हात, कोरलेली नथ, कपाळावर लाल टिकला. मी म्हटलं, "अहो, ही गौराई आहे." खानदेशात चैत्रात घरोघर हिलाच बसवतात, माहेरी आलेली लेक म्हणून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, तिचे लाड करतात. साडू म्हणाले, "आखाजी व्हयी गयी. आते ते लाकूडच शे." घरी येऊन त्यांनी मोडक्या छत्रीच्या कापडाचा झगा अक्काकडून शिवून घेतला आणि गौराईची मडम केली. डोळे मिटायची सोयही त्यांनी शोधली होती. ते यमूला म्हणाले, "निजाडी की तू तिन्हा डोयावर हात ठेव. मिटना डोया." यमू इतकी खूष झाली की तिने बापाच्या गळ्यालाच मिठी मारली. मला वाटलं, या माणसाने या वेळी खरंच जिंकलं.

ते सुख संध्याकाळपर्यंत टिकलं. शेजारच्या आत्याबाई विरजण मागायला आल्या आणि ओट्यावरच किंचाळल्या, "अरे बाप रे! गौराईले काया झगा?" घटकाभरात गल्लीतल्या बायका गोळा झाल्या. झगा निघाला, चौरंग आला, हळदकुंकू लागलं. आत्याबाईंनी निकाल दिला, "पोर माहेरले ऊनी शे. आते पुढली आखाजीले तिन्ही पाठवणी. तवलोंग ती आठेच ऱ्हाई." झालं! रोज आरती, रोज सांजोरीचा नैवेद्य, आणि आल्यागेल्या बाईला चहा. तोही खऱ्या पत्तीचा, कारण देवीच्या दारात ज्वारीचं पाणी चालणार नाही, हे आत्याबाईंनी अक्काला बजावून ठेवलेलं. "जर्मन स्वस्त पडली असती," असं मी येता-जाता म्हणत असे आणि साडूंचं तोंड पाहून मला फार बरं वाटत असे.

यमूला मात्र कुणी गौराईला बोट लावू देत नव्हतं. पारोशी शिवू नको, उष्ट्या हाताची शिवू नको, पोरखेळ शे का हाऊ? ती आपली चौरंगाशेजारी गुडघ्यात मान घालून बसायची. एकदा आरती चालू असतानाच ती मोठ्यांदा म्हणाली, "बा, हाई बी मन्ही नही." साडूंच्या हातातले टाळ थांबले. त्यांचा तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता, आणि खरं सांगतो, त्यानंतर मी जर्मन बाहुलीचं नाव काढलं नाही.

"आत्याबाई," ते म्हणाले, "गौराई या घरनी आंडेर, लेक ना?"

"हां. मंग?"

"आणि यमू?"

"ती बी आंडेरच."

"मंग दोन्ही बहिणी व्हयन्यात. माहेरमा बहिणी एकमेकीसना गळामा हात घालतस का शिवायले भितस?"

आत्याबाई आरतीचं ताट घेऊन बाजूला सरकल्या. साडूंनी गौराई चौरंगावरून उचलली आणि यमूच्या मांडीवर दिली.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या पोरींचा खेळ साडूंच्या ओट्यावर आला. बाहुलीला खोटा खाऊ, गौराईला खरी सांजोरी, मग जर्मन मडमेला कोण विचारतो? चार दिवसांनी शेठची मुलगीही आली. यमूने तिला आधी भांडी घासायला बसवलं, शेवटी बापाचीच लेक. पण सांजोरी मात्र अख्खी दिली.

आखाज्या आल्या-गेल्या, पण गौराईची पाठवणी यमूने होऊ दिली नाही; मोठी झाल्यावर तिचं लग्न नवापूरकडे झालं. निघताना तिने गौराई मागितली. मागणं वावगं नव्हतं. साडू नाही म्हणाले. बायका पदराआड कुजबुजल्या की पोरीला लाकूडसुद्धा देववत नाही, आणि माझंही डोकं फिरलं. मी त्यांना बाजूला ओढून म्हटलं, "अहो, निदान आज तरी चिकटपणा सोडा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "एक आंडेर त घरमा ऱ्हाऊ द्या, साडूभाऊ," ते म्हणाले.

यमू मागेच उभी होती. ती परत आत गेली, स्वतःच्या ओटीतला नारळ काढून तिने गौराईपुढे ठेवला, आणि वाकून हळूच म्हणाली, "बाले सांभाय वं, बहीण."