शर्मिष्ठाबाईंचं करेक्शन

शर्मिष्ठा दामले यांनी चेन्नईत पेरांबूरला रेल्वेच्या शाळेत उभा जन्म इंग्रजी शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावरही ते थांबवलं नाही. फरक इतकाच, की आधी मुलं समोर बसायची आणि आता तावडीत सापडेल तो. दुधाच्या बूथवरचा फलक, फ्लॅट असोसिएशनची नोटीस, सुनेच्या कंपनीचं दिवाळीचं शुभेच्छापत्र, सगळ्यांवर एकदा लाल पेन फिरायचं. लोक म्हणत, बाई फार कडक. बाई म्हणत, मी कडक नाही, तुम्ही ढिले आहात.

नात कौमुदी त्यांच्याच हाताखाली वाढली. मुलगा उन्मेष इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात. आज कुठली पाळी आहे हे त्यालाही आठवावं लागे. सून विद्युलता सिरुसेरीला सॉफ्टवेअरमध्ये. कंपनीच्या बसनं यायची ती कुकरची शिटी ऐकायलासुद्धा उशिरा. तेव्हा पोरीनं काय खाल्लं, का रडली, कोणाशी अबोला धरला, हे पाहणं आजीचं काम. ते त्यांनी चोख केलं. २००५ साली कौमुदी इंजिनिअरिंगसाठी कोइमतूरच्या होस्टेलवर गेली. आता ते काम संपलं, असं बाईंना कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. घरात कॉम्प्युटर होता. त्या ई-मेल शिकल्या.

पहिलं पत्र आलं आणि बाईंना घाम फुटला. नातीला मराठी लिहायचा कंटाळा, म्हणून पत्र इंग्रजीत. पण ते इंग्रजी तरी कसलं! 'यू' या शब्दाच्या जागी नुसतं एक अक्षर, 'फॉर'च्या जागी चारचा आकडा, स्वरांची हकालपट्टी, आणि पूर्णविराम औषधालासुद्धा नाही. मजकूर मात्र भरगच्च होता. मेसच्या सांबारात झुरळ निघालं. रूममेट त्रिपुरसुंदरी झोपेत पाढे म्हणते. वॉर्डनला मिशी आहे. आणि शेवटी, आजी, तुझी फार आठवण येते. तेही चार-दोन अक्षरांत उरकलेलं.

ई-मेलमध्ये अक्षरांचा रंग बदलता येतो हा शोध बाईंना त्याच दिवशी लागला, आणि त्याच दिवशी त्यांना कॉम्प्युटर आवडला. त्यांनी अख्खं पत्र लाल अक्षरांत दुरुस्त केलं आणि परत पाठवलं. खाली शाळेतला नियम घातला: चुकलेलं प्रत्येक वाक्य पाच वेळा लिहून पाठवावं. चहा उकळतोय तोवर सगळी वाक्यं पाच-पाच वेळा लिहून परत! बाईंना पोरीच्या हाताच्या वेगाचं कौतुक वाटलं. एकदा लिहून पाच वेळा चिकटवता येतं, हा धडा त्यांच्यापर्यंत अजून पोचला नव्हता.

असं दर रविवारी चाललं. दिवाळीपर्यंत पत्रं सुधारली. पोंगलपर्यंत त्यांत हात घालायला जागा उरली नाही. अगदी शुद्ध, घोटीव इंग्रजी: 'प्रिय आजी, मी येथे सुखरूप आहे. येथील हवा चांगली आहे. माझा अभ्यास व्यवस्थित चालू आहे. तुझी प्रकृती कशी आहे? तुझी, कौमुदी.' स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. पुण्याच्या नणंदेला त्यांनी फोनवर वाचून दाखवलं. "वळण लावलं की लागतं," त्या म्हणाल्या. "लावणाऱ्याला कंटाळा येतो, ही खरी अडचण आहे."

पत्रं लहान होत चालली होती, हे त्यांच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण पत्रात चूकच नसेल तर उत्तरात काय लिहायचं, हेच त्यांना उमजेना.

फेब्रुवारीत एका सकाळी शेजारच्या सीतालक्ष्मी दळलेलं इडलीचं पीठ घेऊन आल्या. या तंजावरच्या मराठी. आजेपणजे तिकडेच रुजलेले. तारघरातून निवृत्त झालेल्या. त्यांची मराठी ऐकली की शर्मिष्ठाबाईंचा हात नकळत पेन शोधायचा.

"काय हो, पोर आता सरीनं जेवतेय का?"

"कोण पोर?"

"तुमची कौमुदी, मा. दोन पेपर गेले म्हणून जेवायला जाईना की. मी लिवली तिला, पेपर गेला तर गेला, इडली कां सोडतीस?"

"गेले म्हणजे?"

"फेल, मा." सीतालक्ष्मींनी बाईंचा चेहरा पाहिला. "अय्यो! तुम्हांस सांगितली नाही?"

बाईंनी मोबाइल मागितला. सीतालक्ष्मींनी आढेवेढे घेतले, मग दिला. आत कौमुदीचे निरोप ओळीनं बसले होते. इंग्रजी अक्षरं, मराठी शब्द, मध्येच तमिळ, कुठे धड शब्द नाही की वाक्य नाही. बाईंना ते वाचवेना. सीतालक्ष्मींनी घडाघडा वाचून दाखवलं. झोप येत नाही. डोकं दुखतं. कॉलेज सोडून घरी यायचंय. आजीला मीच सांगेन, तुम्ही सांगू नका.

"हे तुम्हाला कळतं कसं?" बाईंनी विचारलं.

"जन्मभर तारा घेतल्या की मी! तारेत व्याकरण कोण घालतो? 'फादर सीरियस स्टार्ट', एवढंच असायचं. लोक रडत जाऊन गाडीत बसायचे."

"तिनं मला का नाही लिहिलं?"

"लिवली असती," सीतालक्ष्मी पीठ ओट्यावर ठेवत म्हणाल्या, "तुम्ही परत पाठवली असती."

बाईंनी मोबाइल परत दिला. उन्मेषला फोन केला, मी कोइमतूरला जाते आहे, म्हणाल्या, आणि तो का म्हणायच्या आत ठेवून दिला. रात्रीच्या चेरन एक्स्प्रेसनं निघाल्या.

होस्टेलच्या कॅन्टीनमध्ये कौमुदी आली ती गालफडं बसलेली, केसांना तेल चोपडलेली. समोर बसली आणि ताठ होऊन म्हणाली, "आजी, मी सुखरूप आहे."

"ते मला दर रविवारी मिळतं. काय झालं ते सांग."

"तू चिडणार."

"चिडले तर चिडेन. बोल तू."

पोर बोटं मोडत बसली. कॉफी आली. मग एकदम सुटली.

"म्हणजे असं झाला ना आजी, इंग्लिशचाच पेपर, टेक्निकल इंग्लिश, त्यात अ‍ॅक्चुअली सगळे पास होतात, त्रिपुरासुद्धा झाली, तिला तर 'इज' पण येत नाही. मी ना, पहिला सेन्टेन्स लिहिली, मग वाटला राँग आहे, खोडली. परत लिहिली, परत खोडली. काही लिहिलं की तू दिसायची. लाल लाल. मग आधी मनात करेक्ट करायची, मग लिहायची, आणि घड्याळ तर पळतच होता. बेल झाली तेव्हा एक पान पण झाला नव्हता."

शर्मिष्ठाबाईंचं तोंड उघडलं. 'पान झालं नव्हतं' हे अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी ते कॉफीबरोबर गिळलं. कॉफी कढत होती, डोळ्यांत पाणी आलं. कॉफीनंच आलं असावं.

कौमुदी थांबली होती. वर्गात चूक झाली की मुलं थांबतात, तशी.

"मग?" बाई म्हणाल्या.

"मग काय?"

"मग पुढे काय झालं? सांग ना."

 पोरीनं खुर्ची पुढे ओढून घेतली आणि सांगू लागली. अर्धं मराठीत, अर्धं तमिळमध्ये, वाक्य सुरू करून सोडून देत, दुसरंच धरत. बाई मध्ये मध्ये "मग?" म्हणत होत्या, बाकी काही नाही. कॅन्टीनवाल्यानं टेबलावर उलट्या खुर्च्या मांडायला घेतल्या. परतीच्या गाडीची वेळ झाली, आणि टळली. मुलगी अजून दुसऱ्या पेपरावर आलीच नव्हती.