त्यांच्या वतीने

बोलायचे असले की ते टेबलाच्या कडेवर उजव्या हाताचे एक बोट उभे करीत. कऱ्हाडच्या कॉलेजात अनेक वर्षे शिकवलेला हा माणूस स्वतः मात्र विद्यार्थ्यासारखी परवानगी मागे. ती मिळाली की पहिले वाक्य ठरलेले, "सांगतो, पण आधी क्रम बघू."

अ‍ॅडलेडच्या मॉसन लेक्स या उपनगरात तेव्हा घराघरांतून भारतीय विद्यार्थी दाटीने राहत. त्या तरुणांच्या लाटेत हे चाळिशीचे गृहस्थ, बायको आणि मुलीला मागे ठेवून, मास्टर्स करायला आले आणि पुढे आमच्या कंपनीत कंत्राटावर लागले. मी त्यांचा टीम लीड, वयाने लहान. मी त्यांना 'सर' म्हणे, ते मला 'साहेब'. आमच्यात वरिष्ठ कोण, हे ऑस्ट्रेलियन सहकाऱ्यांना शेवटपर्यंत उमगले नाही.

'काही हरकत नाही' अशा अर्थाचे तिथले 'नो वरीज' ते फार गंभीरपणे म्हणत, हजेरी घेतल्यासारखे.

आम्ही दवाखान्यांचे अहवाल एक्सएमएल या फाइलप्रकारात कुलूपबंद करून पाठवत असू. त्यासाठीची लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामचा संच, स्वतः कुलूप घालत किंवा काढत नाही. यंत्रावर नोंदलेल्या 'प्रोव्हायडर'ना, म्हणजे ते काम जाणणाऱ्या घटकांना, ती ओळीने विचारते. ज्याला आधी जमते, तो करून टाकतो. मागच्यांना कोणी विचारत नाही. एकदा आमचे अहवाल एका दवाखान्यात उघडेनात. आम्ही किल्ल्या तपासत बसलो. सरांनी बोट उभे केले. तिथल्या सर्व्हरवर दुसऱ्याच एका प्रोग्रामने आपला प्रोव्हायडर यादीत सर्वांत वर नेऊन ठेवला होता. कुलपाच्या पद्धतीचे नाव दोन्हीकडे तेच, आतली एक पायरी निराळी.

"मग आपला वर सरकवू," मी म्हणालो.

"नको साहेब. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातली भांडी कशाला हलवायची? आपलं काम कुणी करायचं, त्याचं नाव लायब्ररीला सांगू."

एका ओळीत काम झाले.

मीटिंगमध्ये मॅनेजरने विचारले, हे सापडले कसे? सर इंग्रजी वाक्य मनात जुळवीत होते. ती शांतता मला सोसवेना. मीच सारे सांगून टाकले, 'आम्हाला सापडले' अशा भाषेत. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "बरं झालं, तुम्ही बोललात." ते मी कौतुक समजलो आणि पुढच्या प्रत्येक मीटिंगमध्ये ते मिळवत राहिलो. तुमच्याही ओळखीत असा सावकाश बोलणारा एखादा माणूस असेल. त्याचे थांबणे आपल्याला सहन होत नाही, आणि त्यालाच आपण मदत म्हणतो.

कंत्राट संपत आले तेव्हा कायमची एकच जागा निघाली. ती मिळाली असती तर कंपनीने व्हिसा दिला असता, वहिनी आणि मुलगी इकडे आल्या असत्या. मी मॅनेजरला सरांचे प्रत्येक काम त्यांच्या नावानिशी सांगितले. तो हसला. "यू आर अ गुड मेट टू हिम," म्हणाला. खरे सांगितले, तेही मैत्रीत जमा झाले.

मुलाखतीला मीही बसलो, तोंड न उघडण्याचे ठरवून. अहवालांचा दोष कसा शोधलात, असे मॅनेजरने विचारले. सर माझ्याकडे पाहू लागले. मी बोलण्याची ते वाट पाहत होते. इतक्या मीटिंगांनंतर ते स्वाभाविकच होते. मी मान खाली घातली. मॅनेजरने सौजन्याने पुढचा प्रश्न विचारला.

जागा दुसऱ्याला मिळाली. सरांना विमानतळावर मीच सोडले. गाडी लावत होतो तेवढ्यात कऱ्हाडहून वहिनींचा फोन आला. दोन वाक्यांनंतर सरांनी तो माझ्यापुढे धरला. "नोकरी का गेली, ते तिला पटत नाहीये. तुम्हीच समजावा."

मी समजावले. कंपनीची अडचण, व्हिसाचे नियम, सगळे मुद्देसूद, कुठेही न अडखळता. सर तोवर डिकीतून बॅगा काढून ट्रॉलीवर रचत होते. मी फोन परत दिला.

"काय म्हणाली?" त्यांनी विचारले.

वहिनींना मी बोलूच दिले नव्हते.