राजवाड्याखालचे अकरा पोपट

विजयसिंह राणगे बी.ए. करतोय ही बातमी शिरोली एमआयडीसीत त्याचा अर्ज विद्यापीठात पोचायच्या आधीच पोचली होती. कारण ती त्यानं स्वतःच सांगितली होती. वय चोपन्न, एका फौंड्रीत मोल्डिंग खात्याचा सुपरवायझर. पंचवीस वर्षं भट्टीच्या आणि यंत्रांच्या वरताण बोलून बोलून हळू आवाज म्हणून काही असतो हेच तो विसरला होता. चहाच्या गाड्यावर त्यानं "म्हटलं, आता ग्रॅज्युएशन उरकून टाकू" असं म्हटलं, ते पलीकडच्या तीन कारखान्यांत ऐकू गेलं. आता माघार घ्यायची सोयच उरली नाही. दोन वर्षं तो रविवारची पाळी बदलून घेऊन कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या अभ्यासकेंद्रात जात होता आणि मागच्या बाकावर गप्प बसून येत होता.

तिसऱ्या वर्षी मात्र गप्प बसून भागेना. आदिती चौगुले मॅडम वयानं त्याच्या निम्म्या. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'एका सांस्कृतिक कलाकृतीचं सादरीकरण, दहा मिनिटं, वीस गुण', आणि वर्गाकडं वळून म्हणाल्या, "मोबाइलवरून उतरवून आणू नका. तुम्ही स्वतः पाहिलेली, तुमच्या भागातली गोष्ट निवडा."

विजयसिंहाला विषय तिथंच सुचला. गारगोटीच्या पलीकडं त्याचं गाव. गावच्या जत्रेत दरवर्षी नाटक व्हायचं आणि त्या नाटकाला एक रंगवलेला पडदा होता, राजवाड्याचा. खांब, कमानी, झुंबरं, मागं बाग. आणि अगदी खाली, पडद्याच्या काठाला, हिरव्या पोपटांची एक रांग. विजयसिंहानं स्वतः त्या पडद्यापुढं तीन वर्षं सेनापती केला होता. "त्या पडद्याचं मला काय न्हाय म्हायती?" असं तो घरी येऊन म्हणाला. घरच्यांनी विचारलं नव्हतं.

रोज संध्याकाळी जेवणाआधी तालीम सुरू झाली. सोफ्यावर श्रोते दोनच, कॉलेजात शिकणारी मुलगी प्रियदर्शनी आणि शेंगा सोलत बसलेली त्याची आई तानाबाई. क्रांतीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, कुकर लावायचं निमित्त काढून स्वयंपाकघराचं दार आधीच ओढून घेतलं होतं.

"सदर पडदा हा आपल्या वैभवशाली परंपरेचा मानबिंदू असून," विजयसिंहानं सुरुवात केली आणि शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. "तथापि पडद्याच्या अधोभागी असलेले पक्षी अत्यंत सदोष आहेत. ते पोपट नसून हिरव्या कोंबड्या वाटतात."

इथं दरवेळी तो स्वतःच हसायचा. पोपटांचा विनोद गावात जुना होता. सेनापती असताना त्यानं तो भर नाटकात मारून टाळ्या घेतल्या होत्या. आणि इथंच दरवेळी तानाबाई शेंगांचं सूप उचलून आत जायची. पहिल्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही. चौथ्या दिवशी आतून पातेलं आपटल्याचा आवाज आला.

"पप्पा, पण हा पडदा काढला कुणी?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"पेंटरनं."

"कुठल्या? कधी?"

विजयसिंहानं कागद उलटून पाहिला, जणू उत्तर मागं लिहिलेलं असावं. "ते काय... जुनं हाय. लय जुनं."

"वीसपैकी चार मिळतील," प्रियदर्शनी म्हणाली आणि उठून गेली.

म्हणून मग सुट्टी टाकून तो मोटारसायकलवरून गावी गेला. पडदा आता देवळाच्या माळ्यावर बांबूला गुंडाळून ठेवलेला होता आणि त्याची राखण गुंडूतात्यांकडं होती. तात्यांनी ब्याऐंशी ओलांडली होती. तरुणपणी ते जत्रेच्या नाटकात राणी करायचे आणि अजूनही खांद्यावरचा टॉवेल पदरासारखा सावरायचे.

दोघांनी मिळून पडदा मंडपात उलगडला. मांजरपाटाच्या कापडावर चिकट सरसात कालवलेले रंग कुठं कुठं उडाले होते, पण राजवाडा अजून झोकात उभा होता. विजयसिंहानं मोबाइलवर फोटो काढले, खांब मोजले, झुंबरं मोजली आणि खाली वाकून नेहमीसारखा हसला. "तात्या, ह्या कोंबड्या मात्र तशाच की!"

"जरा हळू बोल," तात्या म्हणाले. "तुझ्या आईनं काढल्यात त्या."

विजयसिंह पडद्याशेजारी खालीच बसला.

तात्यांनी खांबाला टेकून बसत सगळं सांगितलं. पडदा रंगवायला कोल्हापुरातून पांडबा नावाचा पेंटर आला होता. देवळातच राहायचा, आणि घरोघरच्या पाळीनं त्याला भाकरी जायची. जत्रा चार दिवसांवर आली आणि त्याला हिवताप भरला. राजवाडा झाला होता, खालची पट्टी कोरी होती. त्या दिवशी भाकरीची पाळी राणग्यांची. भाकरी घेऊन आलेली सून सतरा वर्षांची, लग्नाला सहा महिने झालेले. तिची रांगोळी आळीत गाजलेली. पांडबानं घोंगडीतूनच तिला ब्रश दाखवला आणि म्हणाला, पोरी, पोपट येतो काय काढाय?

"सारं गाव दुपारचं रानात असायचं," तात्या म्हणाले. "दोन दुपारी ती हितं बसून रंगवत हुती आणि मी दारात उभा ऱ्हाऊन राणीची भाषणं पाठ केल्यागत करायचो. कोण आलं तर आवाज चढवायचा, असं ठरलेलं. तुझी आज्जी म्हंजे... सुनेनं नाटकाच्या पडद्याला हात लावला कळलं असतं तर माहेरी धाडलं असतं तिला. पांडबानं आणि मी देवाफुडं शपथ घेतली, कुणाला सांगायचं न्हाय."

"आज्जीला जाऊन तीस वर्षं झाली की वो तात्या!"

"व्हय. पर कुणी इचारलंच न्हाय."

परतताना गारगोटीपर्यंत विजयसिंहाच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. तो विनोद त्यानं आईसमोर आजवर किती वेळा मारला असेल? घरी आला तेव्हा तानाबाई टीव्हीपुढं बसली होती. तिच्या शेजारी बसून त्यानं फोटो पुढं केला.

"आई, हे तू काढल्यास?"

तिनं चष्मा लावून फोटो पाहिला. "शेवटचा जरा पुसलाय," ती म्हणाली.

"सांगितलं का न्हाईस कधी?"

"तू इचारलंस कवा? आठ दिस झालं, कोंबड्या कोंबड्या करून घर डोक्यावर घेतलंयस." मग टीव्हीचा आवाज बंद करून ती म्हणाली, "रविवारी मी बी येणार. माझं पोपट वर्गाच्या भिंतीवर कसं दिसत्यात बघू दे."

नको म्हणायची त्याची हिंमत झाली नाही.

रविवारी पहिल्या बाकावर, इरकल लुगडं नेसून, मांडीवर पिशवी घेऊन तानाबाई बसली. वर्गात रिक्षावाले होते, संसार सांभाळून शिकणाऱ्या बाया होत्या, ऋतुराज नावाचा एक हवालदार होता. सगळ्यांनी तिला आपापल्या परीनं नमस्कार केला. प्रोजेक्टरमधून भिंतीवर राजवाड्याचा फोटो पडला आणि विजयसिंह पुढं जाऊन उभा राहिला.

चाळीस माणसांवर ओरडणारा हा गडी. पण नवल म्हणजे त्याचा आवाजच गेला. "सदर पडदा हा," इतकं पुटपुटून तो थांबला. पुन्हा सुरुवात केली. "सदर पडदा हा वैभवशाली... मान... मान..."

"इजू," तानाबाई पहिल्या बाकावरून म्हणाली, "मराठीत बोल की."

वर्ग खदखदून हसला. मॅडमही हसल्या. विजयसिंहानं कागदाची घडी करून खिशात घातली आणि बोलायला लागला. माळ्यावरचा बांबू, घोंगडीतला पांडबा, दारात राणीची भाषणं म्हणणारे तात्या, सगळं तात्यांनी सांगितलं तसं त्यानं सांगितलं. आवाज परत आला, आणि इतका आला की शेजारच्या वर्गातून एक शिपाई येऊन दार लावून गेला. पोपटांपाशी आल्यावर तो थांबला.

"मी ह्या पोपटांना जन्मभर हसलो," तो म्हणाला. "नाटकात हसलो, घरात हसलो, परवा लिहिलेल्या कागदात बी हसलो. आता ते कुणी काढलेत ते म्हायती झालंय." त्यानं पहिल्या बाकाकडं बोट केलं.

सगळ्या माना तानाबाईकडं वळल्या. ती भिंतीकडंच बघत होती.

मॅडमनी प्रश्न विचारला. "पोपट अकराच का? जोडीनं बारा का नाहीत?"

विजयसिंह ताठ झाला. उत्तर माहीत नसलं की तो नेहमी जास्त ठामपणे बोलायचा. "मॅडम, अकरा हा आपल्याकडं शुभ आकडा मानतात. त्यामागं कलाकाराचा एक खोल विचार—"

"हिरवा रंग सपला," तानाबाई म्हणाली.

हवालदार ऋतुराज बाकावर हात आपटून हसला. मॅडमनी विजयसिंहाला खूण करून बसवलं आणि आपणच तानाबाईच्या शेजारी जाऊन बसल्या. "आज्जी, सगळ्या पोपटांच्या माना मागं वळलेल्या का आहेत?"

"मी सारखं मागं वळून बघत हुते की, सासू येती काय म्हणून. हात बी तसाच वळत गेला." तिनं पदरानं चष्मा पुसला. "पांडबा म्हणाला, ऱ्हाऊ दे, झ्याक दिसतंय. मला काय तेवढं बरं वाटलं न्हाई. पर परत काढाय रंग कुठला?"

दहा मिनिटांचं सादरीकरण पस्तीस मिनिटं चाललं. त्यातली विजयसिंहाची बारा, हे नंतर प्रियदर्शनीनं वर्गातल्या कुणीतरी मोबाइलवर केलेल्या चित्रीकरणात मोजून दाखवलं.

वीसपैकी सोळा गुण मिळाले. चार कापले होते आणि खाली लाल शाईत शेरा होता, 'संदर्भसूची जोडावी'. विजयसिंहानं दुसऱ्याच दिवशी कोरा कागद घेऊन ती लिहून दिली: 'एक, श्रीमती तानाबाई राणगे, माझी आई. दोन, श्री. गुंडू तात्या, माजी राणी.' मॅडमनी ती ठेवून घेतली आणि एक गुण वाढवला.

तो आता हा सतराचा आकडा चहाच्या गाड्यावर सांगतो. आईचं नाव मात्र आधी घेतो, हे खरं. परवा कुणीतरी पोपट कसे दिसतात विचारलं, तर "डाव्या बाजूचा तिसरा बघा, मान कशी टाकलीय" असं अर्धा तास समजावून सांगत होता. चहा थंड झाला.

अडचण एकच झाली. तानाबाईला वर्ग आवडला. "घरी बसून टीव्हीच बघायचा तर तिकडं काय वाईट?" असं म्हणून ती पुढच्या रविवारीही पिशवी घेऊन तयार झाली, आणि त्याच्या पुढच्याही. मॅडमनी हरकत घेतली नाही. तिच्या पिशवीत सगळ्यांपुरती शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी असते, त्यामुळं वर्गानंही घेतली नाही. ती पहिल्या बाकावर बसते. अर्थशास्त्राच्या तासाला डुलक्या घेते, इतिहासाच्या तासाला मॅडमना मधेच थांबवते. आणि शेजारी बसवलेला विजयसिंह, जो दोन वर्षं मागच्या बाकावर आरामात पेंगत होता, तो आता पाठ ताठ ठेवून वहीत लिहीत असतो. जरा वाकला की बरगडीत कोपर बसतं.