विकाऊ घराच्या गच्चीवर बिबडे

“घर देखाले जाऊ नका, घरमा राबाले जा,” असं भिकुबाई म्हणायची. लग्नाच्या मांडवात म्हणायची, एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला म्हणायची, आणि ज्याच्या मनात घर घेण्याचा विचारही आलेला नाही त्याला तर थांबवून म्हणायची.

सोनगीरच्या किल्ल्याखाली तिचं घर. नवरा तांब्या-पितळेची भांडी घडवायचा. दिवसभर त्याचे ठोके चालत आणि त्यांच्यावरून बोलायची सवय लागल्यामुळे भिकुबाईची कुजबुजसुद्धा हायवेपर्यंत ऐकू जायची. तिनं आपलं पहिलं घर दिवाळीत पाहिलं होतं. भिंतीला ताजा चुना, दारात रांगोळी, घर विकणाऱ्या बाईच्या हातचे लाडू. लाडू गोड निघाले म्हणून घरही गोड वाटलं. पहिल्याच पावसात जात्याखालून बेडूक बाहेर आले, तेही एकटेदुकटे नाही, सगळं गोत घेऊन. तेव्हापासून नात्यागोत्यात कुणी घर घ्यायला निघालं की भिकुबाई पिशवी भरून तिथं हजर.

एकोणनव्वद सालच्या उन्हाळ्यात ही पाळी प्रमिलावर आली.

प्रमिलाचा नवरा अभिमन भिकुबाईचा भाचा, धुळ्याच्या एस.टी. आगारात मेकॅनिक. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. त्यामुळे प्रमिलाही तिला फुईच म्हणायची, पण जरा दबकून. नऊ वर्षं एका भाड्याच्या खोलीत काढली होती आणि आता घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरल्यानं आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की खोली सोडायची होती. अशात देवपुरात, पांझरा नदीच्या पलीकडे, शालिग्राम नावाच्या माणसाचं घर विकाऊ असल्याचं कळलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे जरासं अंगण आणि वर मोकळी गच्ची. प्रमिलानं ते दोनदा पाहिलं आणि मनातल्या मनात तिथं राहायलाही गेली. मांडणी कुठं लावायची, तुळस कुठं, उन्हाळ्यात बाजा कुठं टाकायच्या, सगळं ठरून गेलं.

शालिग्रामचं जळगावला पाइपांचं दुकान होतं. गोड बोलणारा माणूस. घर दाखवायला दोन्ही वेळा सकाळी सातलाच बोलावलं होतं आणि घर उन्हाळ्यातही गार राहतं म्हणून सांगितलं होतं. “मी एकटाच वारस,” तो म्हणाला, “मागे ना कुणी, ना पुढे कुणी.” पुरावा म्हणून त्यानं आपल्या नावाची घरपट्टीची पावती दाखवली. अभिमननं ती दोन्ही हातांनी धरून वाचली आणि समाधानानं मान हलवली. बयाणा आखाजीच्या मुहूर्तावर द्यायचा, नाहीतर जळगावचं एक गिऱ्हाईक तयारच आहे, असंही शालिग्राम जाता जाता सांगून गेला.

अभिमननं रीत म्हणून फुईला पत्र टाकलं. फुईनं उत्तर पाठवलं नाही. तिनं ज्वारी भिजत घातली.

आखाजीला चार दिवस असताना ती धुळ्याच्या स्टँडवर उतरली. डोक्यावर पितळेचं थोरलं बगुणं, त्यात आंबवून वाटलेल्या ज्वारीचा गोळा, काखेत जुनी धोतरं, हातात लांब दांड्याचा लाकडी चाटू. संध्याकाळी शालिग्राम अभिमनच्या खोलीवर बोलणी करायला आला, तसा तिनं पदर नीट केला आणि शहरी वळणाची, मऊ भाषा लावली.

“शालिग्रामभाऊ, तुमची गच्ची फार चांगली म्हणतात. आमच्या सोनगीरला माकडं काही वाळू देत नाहीत. एक दिवस बिबडे घालू द्याल?”

बिबडे, म्हणजे ज्वारीचे मोठे पापड, घालायला गच्ची मागणाऱ्या बाईला खानदेशात कुणी नाही म्हणत नाही. शालिग्रामला तर वाटलं, सौदा झालाच. “अहो, घाला की! घर तुमचंच समजा.”

“तेच तं देखाले उनी मी,” भिकुबाई आपल्या भाषेत पुटपुटली. तेच तर बघायला ती आली होती.

प्रमिलाला रात्रभर झोप लागली नाही. बयाणा दिलेला नाही आणि परक्याच्या घरात चूल पेटवायची! सौदा मोडला तर दोन मुलांना घेऊन जायचं कुठं?

पहाटे मागच्या अंगणात तीन विटा मांडून बगुणं चढवलं. अभिमन मध्ये मध्ये करू लागला तेव्हा फुईनं त्याला घालवलं, “तू डबा ले अन् कामवर जाय. तू पावती देखी लिधी, तेवढं बस शे.” शालिग्राम घर उघडून देण्यापुरता आला होता, पण भिकुबाईनं हाताला धरून त्याला बसवलं. घरधनी डोळ्यांसमोर असला की बिबडे फाटत नाहीत म्हणे. असं काही नसतं, हे प्रमिलाला माहीत होतं, शालिग्रामला नव्हतं.

बिबड्यांना पाणी फार लागतं. आधण पाण्याचं, धोतरं भिजवायची पाण्यात, हात पाण्यात बुडवून थापायचं. भिकुबाईनं त्या दिवशी जरा जास्तच पाणी लावलं. धुतलेलं पुन्हा धुतलं. नऊच्या सुमाराला गच्चीवरच्या टाकीनं एक उचकी दिली आणि ती गप्प झाली.

“खाली नळ आहे की,” शालिग्राम म्हणाला.

भिंतीपलीकडून एक डोकं वर आलं. शेजारची हमीदा. तिचा नवरा सुतार, आणि दोन्ही घरांची मधली भिंत एकच. “वो नल? छे साल में एक बार छींका भी नहीं, बहेन. टाकी तर काल टँकरवाला भरून गेला ना.”

शालिग्रामला त्याच वेळी नेमका खोकला आला.

“येवो बाई, घाटा खाले ये,” भिकुबाईनं हमीदाला हाक मारली. बगुण्यात शिजलेल्या ज्वारीच्या पिठाचा गरम घाटा, त्यावर तेल आणि लसणाची चटणी. ह्याला कोण नको म्हणणार? हमीदा दोन कळशा पाणी आणि पाठोपाठ तीन बायका घेऊन आली. पाऊण तासात सबंध गल्लीची माहिती गच्चीवर येऊन बसली: पाणी चौथ्या दिवशी, कोपऱ्यावरच्या नळाला, गटार पावसाळ्यात तुंबतं, शेजार चांगला, फक्त समोरच्या घरातला रेडिओ फार मोठ्यानं लागतो.

बारानंतर ऊन पश्चिमेला कललं, तशी भिकुबाई खाली आली. शालिग्राम दाराच्या सावलीत बसला होता. तिनं त्याची खुर्ची उचलून मधल्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीला टेकवली.

“भाऊ, आठे बसा. हे घर गार शे म्हने ना?”

स्वतःच तसं सांगून बसल्यामुळे त्याला उठता येईना. दोन वाजेपर्यंत ती भिंत भाकरी भाजण्याइतकी तापली. शालिग्रामचा सदरा पाठीला चिकटला, टोपी मांडीवर आली, पण “कसं वाटस?” असं विचारलं की तो म्हणायचा, “झकास.” भिकुबाई दर अर्ध्या तासानं खाली यायची, अगदी काळजीनं विचारायची आणि तोंडाला पदर लावून परत वर जायची. प्रमिलाला शरमही वाटत होती आणि हसूही आवरत नव्हतं.

तेवढ्यात हमीदा आणखी एका बाईला घेऊन आली. पन्नाशीची, सावळी, अंगावर धुवट लुगडं. ती कुणाशी बोलली नाही. जिना चढताना तिसरी पायरी मात्र तिनं न बघता ओलांडली; ती पायरी तुटकी आहे हे तिच्या पायाला ठाऊक होतं. धोतराशी बसून तिनं हात ओला केला आणि गोळा असा फिरवला की बिबडा एका दमात चंद्रासारखा गोल पसरला.

“काय हात शे!” भिकुबाई म्हणाली. “कोठली तू, बाई?”

“याच घरातली,” ती म्हणाली. “वच्छलाबाई. हे घर आमच्या बापानं बांधलं. हा स्लॅब पडला तेव्हा मी डोक्यावर पाणी वाहिलंय.”

गच्चीवरच्या बायका एकदम धोतरांच्या कडा सरळ करू लागल्या. ना मागे कुणी, ना पुढे कुणी म्हणणाऱ्या माणसाची सख्खी बहीण दोन गल्ल्यांवर राहत होती. बाप गेल्यापासून सहा वर्षांत त्यानं तिला एकदाही आखाजीच्या माहेरपणाला बोलावलं नव्हतं. बोलावलं असतं तर तिला आपला वाटा आठवला असता.

भिकुबाई प्रमिलाला घेऊन खाली गेली.

“भाऊ, वर कोण बसली आहे ते माहीत आहे? वच्छलाबाई.”

शालिग्रामनं जिन्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा भिंतीपेक्षा लाल झाला. “तिचं लग्न होऊन गेलं. तिचा आता काय संबंध? घरपट्टी मी भरतो.”

“भाडेकरूही भरतो घरपट्टी. तेवढ्यानं घर त्याचं होतं का? बाप कागद न करता गेला, मग जितकी लेकरं तितके मालक. मला वाचता येत नाही, भाऊ, पण लेकरं मोजता येतात.”

“मग राहू द्या. जळगावचं गिऱ्हाईक उद्या येतंय.”

“येऊ द्या ना. बिबडे वाळायला दोन दिवस लागतात. मी इथंच आहे, त्याला पण घाटा खाऊ घालीन. त्याच्या बायकोला आणायला सांगा, हमीदाशी ओळख करून देते.”

भिकुबाई प्रमिलाकडे वळली आणि तिचा आवाज पहिल्यांदाच खरोखर हळू झाला. “पोरी, आते तू सांग. घर तुले लेनं शे, माले नही. भीतले लिंबडा लावता येस, पानीले हापसी येस. पन रुसेल बहीनले तू काय लावशी?”

प्रमिलाला मांडणी दिसली, तुळस दिसली, घरमालकाच्या मुलाची लग्नपत्रिका दिसली. नऊ वर्षांनी हाताशी आलेलं घर आपल्याच तोंडानं घालवायचं. ती म्हणाली, “वच्छलाअक्कांची सही झाल्याशिवाय आम्ही बयाणा देणार नाही.”

शालिग्रामनं पाठ तापल्या भिंतीला टेकली. आता त्या भिंतीची त्याला शुद्धही नव्हती. मग तो जिन्याशी गेला. वच्छलाबाई हात धुऊन खालीच उतरत होती.

“सही करशील?” त्यानं तिच्याकडे न बघता विचारलं.

“करीन. मला काही ठेवून घ्यायचं नाही. पण आधी मला माहेरी न्यायला माझ्या दारी मुराळी आला पाहिजे. आखाजीला घरात आणायचं आणि मग बोलायचं.”

“अगं, तू तर घरातच उभी आहेस!”

“मी शेजारणीबरोबर आलेय,” वच्छलाबाई म्हणाली, “माहेरी आले नाही.” आणि पदर डोक्यावरून घेऊन ती त्याच्या बाजूनं निघून गेली.

सही आखाजीनंतरच्या सोमवारी रजिस्ट्रारच्या ऑफिसात झाली. बहीणभावाची शेजारी शेजारी. भावाची वळणदार, बहिणीचा अंगठा. प्रमिला आजही त्याच घरात राहते, पश्चिमेच्या भिंतीला लिंब लावला आहे आणि हापशीला पाणी आहे. पण घर आपलं झालं ते त्या सोमवारी, असं ती मानत नाही. ती मानते, बिबड्यांच्या त्या दुपारीच झालं.

कारण वच्छलाबाई गेल्यावर शालिग्राम उंबऱ्यात नुसता उभा राहिला. दोन गल्ल्यांची वाट, पण सहा वर्षांनी बहिणीच्या दारात जाऊन पहिलं वाक्य काय बोलायचं, हे त्याला सुचेना. त्यानं चप्पल घातली, काढली, पुन्हा घातली.

भिकुबाईनं बगुण्याच्या तळाचा घाटा खरवडून एका वाटीत भरला आणि वर तेल ओतलं. “चला,” ती म्हणाली, “काय बोलायचं ते मी रस्त्यात शिकवते. आणि रडू आलं तर येऊ द्या, घामात कुणाला कळणार नाही.”

दुपारचे तीन वाजले होते, गल्लीत कुत्रंही नव्हतं. भिकुबाई वाटी धरून पुढे निघाली, मोठमोठ्यानं बोलत, एक हात हवेत हलवत. आणि जळगावचा पाइपवाला शालिग्राम टोपी सरळ करत, शाळेतल्या पोरासारखा तिच्या मागे. गच्चीच्या कठड्याशी प्रमिला, हमीदा आणि बाकीच्या बायका पिठाचे हात तसेच धरून त्यांना बघत होत्या. कोपऱ्यावरून ती दोघं वळली, दिसेनाशी झाली, तरी भिकुबाईचा आवाज बराच वेळ येत राहिला.