रणपिसे बाईंच्या हातांविषयी

रणपिसे बाईंची आणि माझी पहिली भेट भोंगवलीच्या शाळेत, नळापाशी झाली. मी नव्याने बदलून आलेली. नाव सांगितलं, भोरहून एसटी कशी उशिरा सुटली तेही सांगून झालं, तरी बाईंचे हात धुणं चालूच. मला भारीच कौतुक वाटलं.

पुढे अकरा वर्षं सगळ्यांनीच ते कौतुक केलं. मुलांना हात धुण्याचं प्रात्यक्षिक दाखवायला दरवर्षी बाईंनाच उभं करायचं, ही टूम माझीच. त्यांचे हात फुटलेले दिसायचे. आम्ही खडूला दोष देऊन मोकळ्या. 

बाई मायाळू किती! माझ्या बाळंतपणात त्यांनी दोन्ही वर्ग सांभाळले आणि वर मलाच फोन करून जेवलात का विचारायच्या. मुलींनी शाळा सोडू नये म्हणून त्या दारोदार फिरल्या.

निवृत्तीच्या वर्षी बाईंना नात झाली. महिन्याभराने भेटायला गेले, तर सूनबाई वरव्याला माहेरी निघायच्या बेतात. मला बाजूला घेऊन सासूबाईंबद्दल म्हणाल्या, "मॅडम, आत्यांनी पोरीला अजून एकदाबी उचललं न्हाई. त्यांना मुलगी नको व्हती, दुसरं काय?"

मी बाईंना शोधत आत गेले. बाई मागच्या मोरीत होत्या. विचारलं, तर त्यांनी हात पुढे केले. रक्त येत होतं.

"माझ्या हातानं तिला काहीतरी होईल, असं सारखं वाटतं. खोटं आहे, कळतं मला. तरी धुवावेच लागतात. वीस वर्षं झाली."

वीस वर्षं! आणि मी मुलांना टाळ्या वाजवायला लावत होते.

पुण्याला मनोविकारतज्ज्ञांकडे आम्ही दोघी गेलो. गाव वेडी म्हणेल या धास्तीने बाई एसटीतून दोनदा उतरायला निघाल्या. डॉक्टरांनी हा मंत्रचळाचा आजार, ओसीडी, असल्याचं सांगितलं. गोळ्या दिल्या. शिवाय रोजचा सराव सांगितला: दाराची कडी धरायची आणि हात न धुता बसून राहायचं. ऐकायला सोपं, पण पहिल्या दिवशी बाई घामाघूम होऊन रडल्या. सूनबाईंना सगळं समजावलं, तेव्हा त्यांनी भरलेली पिशवी रिकामी केली आणि मोबाईलवर वेळ लावून त्या सासूबाईंशेजारी बसू लागल्या.

बाईंच्या साठीनिमित्त या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला विषय दिला होता 'बाईंची स्वच्छता'! मी तो बाईंना सांगितला. त्या शांतपणे म्हणाल्या, "तो माझा गुण नव्हता, आजार होता. तसंच लिहा. वाचून एखादी तरी डॉक्टरकडे जाईल."

गोळ्या अजून चालू आहेत, वाईट दिवसही येतात. परवा गेले तेव्हा नात चिखलाने बरबटून आली आणि थेट आजीच्या मांडीत बसली. बाईंनी डोळे घट्ट मिटले. पण तिला उतरवलं नाही.

बाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि मांडीत मावेनाशी होईपर्यंत ही पोर तशीच येऊन बसत राहो.